दान आलेली व्हीलचेअर माजी सैनिकाच्या मापाची करताना

माजी सैनिकांसाठी व्हीलचेअर हव्या आहेत, असं नुसतं सांगितलं तरी खुर्च्या भराभर येतात. घरातलं आजारी माणूस गेलेलं असतं, खुर्ची कोपऱ्यात पडून असते, आणि ती सैनिकाच्या कामी येणार म्हटल्यावर लोक मनापासून देतात. खरं काम इथून पुढे सुरू होतं. आलेली खुर्ची ज्या शरीरासाठी घेतली होती ते शरीर वेगळं होतं. तीच खुर्ची दोन्ही पाय गमावलेल्या माणसाला दिली तर चढावर तो पाठीमागे उलटा पडू शकतो. कंबरेखालची संवेदना गेलेल्याला ती उशीशिवाय दिली तर काही तासांत कातडी लाल होते आणि पुढे महिनोन्महिने न भरणारी जखम होते. म्हणून आम्हा स्वयंसेवकांच्या कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी माणसाचं माप, मग साठवणीच्या खोलीतली खुर्ची. सुरुवातीला आम्ही उलटं करत होतो. खुर्च्या रांगेने लावायच्या आणि 'यातली कोणती बरी वाटते बघा' म्हणायचं. त्यात बहुतेक जण सगळ्यात नवी दिसणारी खुर्ची निवडतात, आणि ती मापाची असेलच असं नाही.

खुर्ची आणायला जाण्याआधी देणाऱ्याला फोनवर चार गोष्टी विचारायच्या. सीटची रुंदी किती? ती एका बाजूच्या नळीच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या नळीच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायला सांगायची. दोन्ही फूटरेस्ट आहेत का? किती दिवस पडून आहे, आणि कोरड्या जागी की ओलीत? बॅटरीवर चालणारी असेल तर तिचा स्वतःचा चार्जर आहे का? शेवटचा प्रश्न फार वेळ वाचवतो. अशा खुर्चीत बहुधा १२ व्होल्टच्या २ बॅटऱ्या जोडलेल्या असतात. वर्षभर चार्ज न करता ठेवल्या की त्यांच्यातल्या पट्ट्यांवर थर धरतो आणि त्या चार्ज घेईनाशा होतात. एक खराब झाली तरी दोन्ही एकदम बदलाव्या लागतात, कारण जुनी बॅटरी नवीलाही लवकर संपवते. म्हणजे फुकट आलेल्या विजेच्या खुर्चीचा खर्च हातखुर्चीपेक्षा, म्हणजे हाताने चालवायच्या व्हीलचेअरपेक्षा, कितीतरी जास्त निघू शकतो. तो करायची तयारी नसेल तर नम्रपणे 'नको' म्हणावं.

फूटरेस्ट ही सर्वात जास्त हरवणारी वस्तू. खुर्ची गाडीत घालताना ती काढतात आणि वेगळी ठेवतात, आणि मग कोणती कोणाची हे कळत नाही. डावी-उजवी वेगळी असते, शिवाय दोन वेगळ्या बनावटींच्या खुर्च्यांत अडकवायच्या खिळांतलं अंतर जुळत नाही. त्यामुळे खुर्ची दारात येताच दोन्ही फूटरेस्ट पट्ट्याने सांगाड्याला बांधायच्या आणि खुर्चीवर, फूटरेस्टवर, उशीवर एकच क्रमांक घालायचा. हे पाच मिनिटांचं काम टाळलं तर सहा महिन्यांत खोलीत फूटरेस्टचा ढीग आणि निरुपयोगी खुर्च्या, दोन्ही जमा होतात.

तपासणी सांगाड्यापासून करायची. टायर, कापड, रंग हे सगळं बदलता येतं, सांगाडा येत नाही. खुर्ची उताणी करून खालच्या फुलीच्या दोन नळ्या आणि त्यांच्या मधला बोल्ट पाहावा. ही घडीच्या खुर्चीची फुली १९३०च्या दशकात हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांनी आणलेल्या रचनेची वंशज आहे, आणि सगळा भार तिच्यावरच येतो. वेल्डिंगच्या कडेने रंगात केसाएवढी रेघ दिसली तर नख फिरवून बघायचं. नख अडकलं तर ती नुसती रंगाची रेघ नाही, तडा आहे. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला तडा असेल तर ती खुर्ची देण्याच्या यादीतून बाद. सांगाड्याची ताकद कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. पुन्हा वेल्ड केलं की सांध्याजवळचा भाग मऊ पडतो आणि तिथूनच पुन्हा तुटतो. अशा खुर्चीची चाकं, ब्रेक, आर्मरेस्ट काढून ठेवायचे आणि सांगाडा भंगारात द्यायचा. चांगल्या मनाने दिलेली वस्तू भंगारात घालताना नव्या कार्यकर्त्यांचा हात अडखळतो. पण माणूस बसलेला असताना तुटणारी खुर्ची कुणाच्याच भल्याची नाही.

मग सपाट फरशीवर चारही चाकं टेकतात का ते बघायचं. प्रत्येक चाकाखाली कागद सरकवावा. एखाद्याखालून तो सहज गेला तर सांगाडा पिळलेला आहे, किंवा एक कॅस्टर, म्हणजे पुढचं लहान चाक, वर बसवलेलं आहे. नंतर खुर्ची तीन-चार मीटर ढकलून सोडायची. ती एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्ही टायरांतली हवा सारखी करा, मग कॅस्टरची उंची बघा, सांगाड्याला दोष शेवटी द्या. कॅस्टर थरथरत असेल तर त्याच्या उभ्या दांड्याचा नट सैल असतो, बेअरिंग झिजलेलं असतं, किंवा दांडा सरळ उभा नसतो. आणि कॅस्टर नुसतं जड फिरत असेल तर आसाभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे काढून बघा. पुष्कळदा 'चाक खराब' म्हणून आलेली खुर्ची चिमट्याने केस काढले की नीट चालते. बेअरिंग बदलायचंच झालं तर कॅस्टरमध्ये बऱ्याचदा ६०८ क्रमांकाचं लागतं: आत ८, बाहेर २२ आणि जाडी ७ मिलिमीटर. तरी जुनं काढून त्याच्यावरचा क्रमांक वाचल्याशिवाय नवं आणू नये.

ब्रेकचा दोष बहुतेक वेळा ब्रेकमध्ये नसतो. व्हीलचेअरचा ब्रेक टायरवर दाबला जातो. टायरमधली हवा कमी झाली की टायर आत जातो, ब्रेकची पकड सुटते आणि पलंगावरून खुर्चीत येताना खुर्ची मागे सरकते. पडण्याचं हे नेहमीचं कारण. म्हणून आधी टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याइतकी हवा भरायची आणि मगच ब्रेक जुळवायचा. हवा नसताना ब्रेक टायरकडे ओढून बसवला तर हवा भरल्यावर तो लागतच नाही, आणि अशक्त हाताचा माणूस अर्धवट लावून सोडून देतो.

सीटचं कापड खाली झोळीसारखं लोंबलं असेल तर ते बदलायचं, त्यात तडजोड नाही. झोळीत बसलं की ओटीपोटाचं हाड एका बाजूला कलतं, मांड्या एकमेकींवर येतात, आणि मणका वाकडा ठेवूनच माणूस दिवस काढतो. सीटवर आडवी सरळ पट्टी ठेवली की झोळ लगेच दिसतो. स्वच्छतेला कोमट साबणपाणी, मग निर्जंतुक करणारं द्रावण, मग कोरडं फडकं. पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतो, तो वापरू नये. जुनी फोमची उशी आम्ही कधीच पुढे देत नाही, ती कितीही नवी दिसली तरी.

आता माप. माणसाला कडक बैठकीच्या स्टुलावर बसवायचं, पावलं जमिनीवर टेकलेली. मांड्यांच्या दोन्ही बाजूंना, खुब्यांना अगदी लागून, एकेक जाड पुस्तक उभं धरायचं आणि दोन पुस्तकांमधलं अंतर टेपने मोजायचं. अंगावरून टेप फिरवली तर ती वळणावर जाते आणि आकडा जास्त येतो. पुस्तकं चुकू देत नाहीत. ही रुंदी ३८ सेंटिमीटर आली तर १६ इंची, म्हणजे साधारण ४०.६ सेंटिमीटरची सीट बसते. दानात १८ इंची खुर्च्याच जास्त येतात, आणि 'थोडी मोठी असली तर काय बिघडलं' हे वाक्य प्रत्येक नवा कार्यकर्ता एकदा तरी म्हणतो. बिघडतं ते असं: दोन्ही बाजूंना मिळून सात-आठ सेंटिमीटर जागा उरते, माणूस एका आर्मरेस्टवर कलून बसतो, चाकाच्या कडीपर्यंत, म्हणजे हाताने ढकलायच्या गोल नळीपर्यंत, पोचायला हात फाकवावे लागतात, आणि वर्षभरात खांदे दुखायला लागतात. ज्याचे पाय गेले त्याचे खांदेच त्याचे पाय आहेत.

दुसरं माप नितंबांच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत. त्यातून ३ ते ६ सेंटिमीटर वजा केले की सीटची खोली मिळते. खोली जास्त झाली तर कड गुडघ्यामागे रुतते आणि ते टाळायला माणूस पुढे घसरून बसतो. तिसरं माप गुडघ्याच्या खळगीपासून टाचेपर्यंत, नेहमीचे बूट घालून. हे अंतर उशीच्या वरच्या पृष्ठभागापासून फूटरेस्टपर्यंत हवं, आणि फूटरेस्टची पट्टी जमिनीपासून किमान ५ सेंटिमीटर वर राहायला हवी. इथे एक चूक हमखास होते. खुर्ची उशीशिवाय जुळवतात आणि देताना वर उशी ठेवतात. त्या एका उशीने माणूस पाच-सात सेंटिमीटर वर जातो, पावलं लोंबकळतात, आर्मरेस्ट खाली पडतात, चाकाची कडी लांब जाते. उशी पहिल्या मिनिटापासून खुर्चीत हवी. चौथं माप पाठीचं: जो स्वतः खुर्ची चालवणार त्याच्या पाठीचा टेकू खांद्याच्या पात्याच्या खाली संपावा, म्हणजे हात मागे नेता येतात.

माप घेताना एक वाक्य वारंवार कानावर पडतं: "मला नको, माझ्यापेक्षा जास्त गरज असलेल्याला द्या." सैन्यात काढलेल्या वर्षांत आधी शेजारच्याचं बघायची सवय रक्तात भिनलेली असते. ती आडवी येते म्हणून कित्येक जण प्लास्टिकच्या खुर्चीवर दिवस काढतात. 'तुम्ही देशासाठी एवढं केलंत' असं म्हणून समजूत घालू नये. त्याने माणूस अधिकच संकोचतो. खरं तेच सांगावं: "ही तुमच्या मापाला जुळवलेली आहे, दुसऱ्याला बसणार नाही." यात खोटं काही नाही, आणि हे उत्तर मान्य होतं. मापाचा हा उपयोग आम्हाला कोणी शिकवला नव्हता, पण आता माप घेण्याच्या भेटीतच आम्ही खुर्चीच्या कार्डावर त्यांचं नाव त्यांच्यासमोर लिहितो.

पाय कापलेल्या माणसाची खुर्ची वेगळी जुळवायची असते. पायांचं वजन गेलं की शरीराचा तोल मागे सरकतो. दोन्ही पाय गुडघ्याच्या वरून गेले असतील तर हा फरक इतका असतो की साध्या खुर्चीत नुसते हात वर करून मागे रेलल्यावरही पुढची चाकं उचलली जातात. उपाय म्हणजे मागच्या चाकांचा आस मागे नेणं. काही सांगाड्यांत त्यासाठी भोकं असतात, नसतील तर आस मागे घेणारी पट्टी बसवावी लागते. आस मागे गेला की ब्रेक टायरपर्यंत पोचत नाही, म्हणून ब्रेकही तेवढाच मागे घ्यायचा. चाक मागे नेलं आणि ब्रेक तिथेच राहिला, अशी खुर्ची तपासणीत सापडली नाही तर थेट अपघात होतो. त्यासोबत उलटू न देणाऱ्या दोन लहान चाकांच्या दांड्या मागे लावायच्या, जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर उंचीवर. पायरी किंवा कट्टा चढवताना त्या वर वळवाव्या लागतात आणि नंतर आठवणीने खाली, हे घरच्यांना करून दाखवायचं. आणि सुरुवातीलाच विचारायचं की खुर्चीत बसताना कृत्रिम पाय घालणार की काढणार, कारण तोल त्याप्रमाणे बदलतो.

एक पाय गुडघ्याखालून गेलेला असेल तर उरलेला भाग लोंबकळत ठेवू नये. तो सुजतो, आणि गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो. आखडलेल्या गुडघ्याला कृत्रिम पाय नीट बसत नाही, म्हणजे चुकीच्या खुर्चीमुळे चालण्याची संधीच जाऊ शकते. यासाठी लागतो स्टंप बोर्ड: सीटवर उशीखाली सरकवायची फळी, जिचं एक टोक पुढे येऊन गुडघ्याखालच्या भागाला सरळ आधार देतं. दानात ती जवळपास कधीच येत नाही. १२ मिलिमीटरच्या प्लायवूडची फळी कापून, कडा घासून गोल करून, वर फोम आणि धुता येणारं कापड ताणून बसवलं की काम होतं. बाहेर आलेली लांबी त्या माणसाच्या मापाची हवी आणि पहिली बैठक फिजिओथेरपिस्टसमोर व्हावी.

मणक्याला इजा झालेल्यांच्या बाबतीत सगळं उशीवर येऊन थांबतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत मणका दुखावलेले सैनिक मूळ जखमेपेक्षा बेडसोअर आणि लघवीच्या संसर्गानेच जात. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे डॉक्टर लुडविग गुटमन यांनी अशा सैनिकांसाठी विभाग सुरू केला, दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त लावली, आणि चित्र बदलत गेलं. त्याच आवारात २९ जुलै १९४८ला १६ जखमी सैनिक, त्यात २ स्त्रिया, तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरले. पॅरालिम्पिकची सुरुवात त्यातून झाली. आधी कातडी वाचली, म्हणून पुढचं सगळं होऊ शकलं.

उशी तपासायची पद्धत हाताची आहे. माणूस बसलेला असताना, त्याची परवानगी घेऊन, उशीच्या वर आणि शरीराच्या खाली तळवा सरकवायचा, बोटं वरच्या बाजूला. बसण्याची दोन टोकदार हाडं बोटांना लागतात. बोटं थोडी हलवता आली तर ठीक, हाडाखाली चिमटल्यासारखी घट्ट अडकली तर दाब फार आहे. हवेच्या कप्प्यांची उशी असेल तर हात तसाच उशी आणि शरीर यांच्यामध्ये घालायचा आणि हाड व उशीचा तळ यांमध्ये साधारण सव्वा ते अडीच सेंटिमीटर अंतर आहे का पाहायचं. हवा जास्त भरली की उशी फुग्यासारखी टणक होते, तीही तितकीच वाईट. नंतर अर्धा तास बसवून, पलंगावर घेऊन कातडी बघायची. ही पाहणी नर्स किंवा थेरपिस्टने करावी. लाली पुढच्या अर्ध्या तासात गेली नाही, तर ती उशी त्या माणसाला चालत नाही. त्यात 'सवय होईल' असं काही नसतं. शिवाय उशी चांगली असली तरी दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून एक-दोन मिनिटं दाब कमी करावा लागतो. मणक्याच्या इजेत खुर्ची कोणती हे आम्ही स्वयंसेवक ठरवत नाही. आम्ही फक्त थेरपिस्टने लिहिलेली खुर्ची तयार करतो.

माणूस खोलीत असताना काही गोष्टी टाळायच्या. हवेचा कॉम्प्रेसर सुरू करू नये, टायर रिमवर चढवताना हातोडी आपटू नये. युद्धभूमीवर राहून आलेल्याला अचानक आलेला मोठा आवाज नुसता दचकवत नाही, पुढचा सबंध दिवस खराब करू शकतो. न विचारता खुर्ची मागून धरू नये. स्फोटांच्या आणि तोफांच्या आवाजाने अनेकांचं ऐकणं कमी झालेलं असतं, आणि ते मान हलवतात म्हणजे ऐकू आलं असं नसतं. सूचना समोर बसून, चेहरा दिसेल अशा द्याव्या आणि मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून सोबत द्याव्या.

ताबा देण्याच्या दिवशी घाई नको, दीड-दोन तास धरायचे. सरळ बसवून हात चाकाच्या कडीच्या सर्वात वरच्या बिंदूवर ठेवला की कोपर १०० ते १२० अंशांत वाकायला हवं. त्याहून सरळ असेल तर माणूस उंच बसलाय, जास्त वाकलं असेल तर खाली. मग पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, उतार, वळण, घडी घालणं, हे सगळं त्यांनी स्वतः करून दाखवायचं. चढावर मागे एक माणूस हात न लावता, पण हाताच्या अंतरावर उभा ठेवायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या मार्गदर्शिकेत हातखुर्ची देण्याचे ८ टप्पे सांगितले आहेत. खुर्ची तयार करणं हा त्यातला पाचवा. त्यानंतरही मापाला बसवणं, शिकवणं आणि पाठपुरावा हे तीन उरतात. फोटो काढून मोकळं होण्याची घाई याच तिघांना गिळते.

पैशाबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. खुर्च्या दानात मिळतात, उशा मिळत नाहीत. ट्यूब, बेअरिंग, सीटचं कापड, ब्रेकचे सुटे भाग, वाहतूक यांना रोख लागते. 'यथाशक्ती मदत करा' यापेक्षा '२४ इंची चाकाच्या ४ ट्यूब आणि १६ इंची १ उशी हवी आहे' या आवाहनाला लोक पटकन प्रतिसाद देतात, आणि वस्तू लागली की देणाऱ्याला कळवता येतं. टायर घेताना मात्र कडेवरचा पूर्ण आकडा वाचावा. २४ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलच्या टायरांचे आतले व्यास वेगवेगळे असतात, आणि व्हीलचेअरवर सर्रास असलेला २४ गुणिले १⅜ म्हणजे ५४० मिलिमीटरचा टायर सायकलच्या सगळ्या २४ इंची टायरांशी जुळत नाही. माणसंही अशीच नेमकी मागावी: चाकांसाठी सायकल दुरुस्ती जाणणारा, कापडासाठी जाड शिवण घालू शकणारा शिंपी, फोनसाठी चिकाटीचं कोणीतरी.

पाठपुराव्याचा हा फोन एका आठवड्याने, एका महिन्याने आणि मग दर सहा महिन्यांनी जातो. 'खुर्ची कशी आहे?' विचारलं तर 'छान आहे' एवढंच उत्तर मिळतं. म्हणून प्रश्न नेमके ठेवले आहेत: काल किती तास बसलात? कातडीवर कुठे लाल आहे का? ब्रेक लावल्यावर खुर्ची सरकते का? हवा शेवटची कधी भरली? 'काल बसलोच नाही' असं उत्तर आलं की समजायचं, काहीतरी टोचतंय किंवा दारातून खुर्ची जात नाहीये, आणि त्याच आठवड्यात घरी जायचं.

काही वर्षांनी घरच्यांचा फोन येतो की ते गेले, खुर्ची परत न्या. तेव्हा आधी दोन्ही फूटरेस्ट मोजून घ्यायच्या, उशी वेगळी काढायची, आणि कार्डावर आसाचं भोक कितवं होतं ते बघून आस मूळ जागी आणायचा. पुढच्या माणसाचं माप अजून घेतलेलं नसतं.